क्वालिटेटिव्ह रिसर्च प्रत्यक्षात करायचा कसा: अभ्यासिकेतल्या मुलांवर डिझर्टेशन करताना शिकलेलं सगळं

सोशिऑलॉजी, सोशल वर्क, एज्युकेशन, मास कॉम, अगदी नर्सिंगच्या मुलांनाही बऱ्याचदा डिझर्टेशनसाठी क्वालिटेटिव्ह मेथड (आकड्यांऐवजी माणसांच्या बोलण्यावर आणि निरीक्षणावर उभी असलेली) घ्यावी लागते, आणि बहुतेकांना मेथडॉलॉजीचा पेपर व्यवस्थित सोडवता येतो पण पहिल्या इंटरव्ह्यूला जाताना बॅगेत काय ठेवायचं आणि परत आल्यावर त्या रेकॉर्डिंगचं पुढं काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. मी एमए सोशिऑलॉजीला असताना पुण्यात एमपीएससी करणाऱ्या मुलामुलींवर काम केलं, म्हणजे सदाशिव पेठ, नारायण पेठ, शास्त्री रोड या पट्ट्यातल्या अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसच्या रूम. खालचं सगळं त्या कामातून आलंय, पण तुमचा विषय बचत गट असो नाहीतर डायलिसिसचे पेशंट, स्टेप्स त्याच राहतात.

मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधीच सांगून टाकते. या रिसर्चमध्ये इंटरव्ह्यूत अर्धाच डेटा मिळतो. उरलेला अर्धा मिळतो त्याच रात्री लिहिलेल्या नोंदींत आणि स्वतःच्या कानांनी ऐकून केलेल्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग शब्दशः लिहून काढलेल्या प्रतीत. म्हणून माणसं कमी घ्या आणि एकेका माणसामागे वेळ भरपूर द्या.

आधी प्रश्न नीट करा

"एमपीएससी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास" असा विषय घेऊन गाइडकडे गेलात तर कुणीही हो म्हणेल पण त्यावर काम करता येणार नाही, कारण त्यात काय बघायचं हेच ठरलेलं नाही. किती मुलं तिसऱ्या अटेम्प्टनंतर सोडून देतात हा सर्व्हेचा प्रश्न झाला, त्याला फॉर्म भरून घ्या, आकडे काढा. सोडायचं की अजून एक द्यायचा हे ठरतं कसं, कुणाशी बोलून ठरतं, कुणाला न सांगता ठरतं, हा आपला प्रश्न. म्हणजे ज्या प्रश्नाच्या उत्तरात माणसाला काहीतरी घडलेलं सांगावं लागेल तो घ्या.

प्रश्न लहान करायची सोपी पद्धत अशी की तीन गोष्टी त्याच्यात घालायच्या: कोण, कुठे, आणि कुठला प्रसंग. माझा शेवटी असा झाला: पुण्यात राहून तीन किंवा जास्त अटेम्प्ट दिलेली मुलं पुढचा अटेम्प्ट द्यायचा की थांबायचं हे कसं ठरवतात, आणि त्यात घरच्यांशी होणारं बोलणं काय काम करतं. हा एका वाक्यात मेसच्या मावशींना सांगितला तरी कळला पाहिजे. कळत नसेल तर अजून कापा.

प्रश्न ठरला की लगेच एक पान लिहा, की या विषयाबद्दल मला आधीपासून काय वाटतं, माझ्या घरात कोण हे करतंय, कुणाबद्दल मला राग आहे, कुणाची दया येते. माझ्या मामाचा मुलगा पेठेतच तयारी करत होता, त्यामुळे ही मुलं बिचारी आणि सिस्टीम वाईट असं माझं मत आधीच तयार होतं. ते कागदावर आलं की इंटरव्ह्यू घेताना आपण कुठल्या उत्तरावर मान जास्त डोलावतोय हे लक्षात येतं. याला पोझिशनॅलिटी म्हणतात, थिसिसमध्ये त्याचा एक सेक्शन लागतोच, पण तो शेवटी आठवून लिहिण्यापेक्षा सुरुवातीला लिहिलेला खरा असतो.

कुठली मेथड म्हणायची

इथे जास्त वेळ घालवू नका. एथ्नोग्राफी म्हणायची तर त्या जागी महिनोन्‌महिने जाऊन राहावं लागतं. ग्राउंडेड थिअरी, जी ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये मांडली, तिच्यात डेटा गोळा करणं आणि अॅनालिसिस एकाच वेळी चालतं, म्हणजे पहिल्या दोन-चार इंटरव्ह्यूंचं कोडिंग (बोलण्याच्या तुकड्यांना त्यात काय चाललंय त्याची छोटी नावं देणं) करून मग पुढचा माणूस कोण निवडायचा ते ठरतं. बरेच जण आधी सगळे इंटरव्ह्यू उरकतात आणि शेवटी ग्राउंडेड थिअरी असं लिहून मोकळे होतात, एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, तिथेच पकडतात. एमएच्या पातळीवर सेमी-स्ट्रक्चर्ड इंटरव्ह्यू (थोडे प्रश्न ठरलेले, बाकी गप्पांच्या ओघात), जोडीला थोडं ऑब्झर्व्हेशन, आणि अॅनालिसिसला थीमॅटिक अॅनालिसिस (बोलण्यात परत परत येणारे धागे शोधणं) हे पुरेसं आहे आणि सहा महिन्यांत झेपतं. ब्राउन आणि क्लार्क यांचा २००६ चा पेपर सहा टप्प्यांत ते समजावतो, तो मूळ वाचा, त्याच्यावरच्या नोट्स नको.

परवानगी, संमती आणि नाव लपवणं

कॉलेजची एथिक्स कमिटी असेल तर तिची परवानगी मिळायला वेळ लागतो म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका. नसेल तर गाइडची लेखी मंजुरी तरी घ्या आणि थिसिसमध्ये जोडा.

संमतीपत्र मराठीत, एका पानात, मोठ्या अक्षरात. त्यात काय विचारणार, किती वेळ लागेल, रेकॉर्ड होणार, कधीही थांबता येईल, एखादा प्रश्न सोडता येईल, नाव कुठेही येणार नाही, आणि रेकॉर्डिंग कधी पुसणार एवढं पाहिजे. सही म्हटलं की काही जण बिचकतात, विशेषतः ज्यांना उद्या सरकारी नोकरीत जायचंय त्यांना आपलं लिखित कुठे राहायला नको असतं आणि ते बरोबरच आहे. अशा वेळी रेकॉर्डरवर तोंडी संमती घ्या, पण ती चालेल का हे कमिटीला आधी विचारून ठेवा.

नाव बदललं म्हणजे माणूस लपला असं नाही. "एका छोट्या तालुक्यातला, पाच अटेम्प्ट झालेला, एसटीआयची (राज्य कर निरीक्षक) मेन्स दोन मार्कांनी हुकलेला, अमुक चौकातल्या अभ्यासिकेत बसणारा" एवढं लिहिलं तर पेठेतली निम्मी मुलं नाव सांगतील. म्हणून तालुक्याऐवजी विभाग लिहा, मराठवाडा, खानदेश असं, अटेम्प्टचा नेमका आकडा न देता "तीनपेक्षा जास्त" लिहा, हुकलेल्या मार्कांचा उल्लेख काढा. जातीचा आणि आरक्षणाच्या प्रवर्गाचा उल्लेख विश्लेषणाला लागत असेल तर ठेवा, पण मग बाकीचे तपशील अजून पुसट करा. कुणाचं टोपणनाव काय ठेवलं याची यादी वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड लावून, आणि रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये ती अजिबात नको.

आणखी एक, जे सिलॅबसमध्ये ओझरतं येतं पण मला फार मोठं वाटतं. अपयश, पैसे, घर, आजार, या विषयांवर बोलताना माणूस रडू शकतो, जगण्याचा कंटाळा आलाय असंही म्हणू शकतो. तेव्हा इंटरव्ह्यू थांबवायचा, पाणी द्यायचं, रेकॉर्डर बंद करायचा आणि रिसर्च बाजूला ठेवायचा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून सोबत ठेवा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. कॉलेजच्या काउन्सिलरचाही नंबर आधी मागून ठेवा. आणि गाइडला त्याच दिवशी सांगा, एकटीने ते डोक्यात घेऊन फिरू नका.

माणसं मिळवणं

अभ्यासिकेच्या मालकाला विचारल्याशिवाय आत जाता येत नाही, पण मालकालाच "चार मुलं द्या ना" म्हटलं तर तो त्याची हुशार, नीट बोलणारी, फी वेळेवर देणारी मुलं पाठवतो. मालकाची परवानगी घ्या, मुलं स्वतः शोधा. मी सुरुवात तीन वेगळ्या ठिकाणांहून केली, मेस, चहाची टपरी, आणि मुलींचं एक हॉस्टेल, कारण एकाच मुलापासून स्नोबॉल (एकाने पुढचा माणूस सुचवायचा अशी साखळी) सुरू केला तर तो त्याच्याच जिल्ह्यातले, त्याच्याच रूममधले, त्याच्यासारखाच विचार करणारे मित्र देतो. मुलींपर्यंत मुलांकडून पोचता येत नाही, त्यांची साखळी वेगळीच सुरू करावी लागते, आणि त्यांच्याकडे घरच्या बोलण्यात लग्नाचा विषय अटेम्प्टच्या बरोबरीने येतो त्यामुळे त्यांना वगळलं तर अर्ध चित्र जातं.

आता सगळ्यात कळीचा मुद्दा. थांबायचं कसं ठरतं हा प्रश्न असेल तर अभ्यासिकेत बसलेली सगळी मुलं ही अजून न थांबलेली आहेत. थांबलेली गावाला गेली, कुणी दुकान टाकलं, कुणी बँकेत लागलं, कुणी शेती बघतंय. त्यांच्याशी बोलल्याशिवाय उत्तर मिळूच शकत नाही. तुमच्या विषयातही असं कुणीतरी असतं, शाळा सोडलेलं मूल, औषध बंद केलेला पेशंट, गटातून बाहेर पडलेली बाई. ते जिथे बसतात तिथे आपण जात नाही म्हणून ते सुटतात. जाणं जमत नसेल तर फोनवर बोला, फोनवरचा इंटरव्ह्यू चालतो, फक्त दोन वेळा विभागून घ्या कारण फोनवर माणूस अर्ध्या-पाऊण तासात थकतो.

किती माणसं हा प्रश्न सगळे विचारतात. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा एक पेपर आहे, घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या ६० इंटरव्ह्यूंवर, त्यात त्यांना दिसलं की पहिल्या १२ इंटरव्ह्यूंतच बहुतेक सगळे कोड येऊन गेले होते. सगळ्यांच्या थिसिसमध्ये तो १२ चा आकडा तिथून आलाय. पण त्या बायका बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्नही सगळ्यांना सारखेच होते, हे सांगायचं राहून जातं. तुमच्याकडे मुलं, मुली, थांबलेले, न थांबलेले असे गट असतील तर प्रत्येक गटात निदान चार-पाच तरी हवेत. आकडा ठरवताना तुमच्याकडे ट्रान्स्क्रिप्ट करायला किती आठवडे आहेत हे बघा, तोच खरा अडसर असतो.

प्रश्नावली आणि विचारायची पद्धत

कागदावर सात-आठ प्रश्न पुरे. मत विचारू नका, प्रसंग विचारा. "टेन्शन येतं का?" याला "येतंच की" एवढंच उत्तर आहे. त्याऐवजी:

- मागच्या निकालाच्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांग.
- निकाल घरी कुणाला आधी सांगितला? काय शब्दांत सांगितला?
- शेवटचं घरी कधी गेला होतास? तेव्हा परीक्षेचा विषय कुणी काढला?
- कधी वाटलं का की आता बास? त्या दिवसाबद्दल सांग.
- महिन्याचे पैसे कसे येतात? कमी पडले की काय करतोस?

"का" शक्यतो टाळा. "अजून का करतोयस?" हे त्यांचे काका विचारतात, आणि काकांना द्यायचं उत्तर तयार असतं, तेच तुम्हाला मिळेल. "हे ठरलं कसं?" असं विचारलं की गोष्ट सुरू होते.

समोरचा गप्प झाला की आपणही गप्प बसायचं. मनात सावकाश पाचापर्यंत मोजा. आपल्याला ती शांतता अवघड वाटते म्हणून आपण घाईने पुढचा प्रश्न टाकतो किंवा स्वतःच उत्तर सुचवतो, आणि नेमकं जे यायचं असतं ते अडतं. प्रोब म्हणून, म्हणजे अजून बोलतं करायला, "म्हणजे?", "मग पुढं?", आणि त्याचाच शेवटचा शब्द परत म्हणणं, एवढ्यावर एक तासाचा इंटरव्ह्यू निघतो.

हाक काय मारायची तेही ठरवून घ्या. मला सुरुवातीला सगळे मॅडम म्हणायचे, आणि मॅडमशी माणूस परीक्षेत लिहिल्यासारखं बोलतो. मी सरळ सांगायचे की मी पण स्टुडंटच आहे, ताई म्हण नाहीतर नावाने बोलाव. वयाने मोठ्यांना मी दादा म्हणायचे, अहो-जाहो ठेवायचे. पेठेत मुलं एकमेकांना भाऊ म्हणतात, त्याची नक्कल आपण करू नये, खोटं वाटतं.

एक-दोन पायलट, म्हणजे चाचणीचे, इंटरव्ह्यू घ्याच, ते डेटात धरू नका, आणि त्यांना शेवटी विचारा की कुठला प्रश्न कळला नाही, कुठला खुपला.

जागा आणि रेकॉर्डिंग

अभ्यासिकेत बोलता येत नाही, रूमवर तीन कॉटवाले ऐकत असतात, कॅफेत मिक्सर आणि गाणी. कॉलेजचा रिकामा वर्ग, बागेतला कडेचा बाक, किंवा दुपारची जेवणं उरकल्यावरची मेस बरी पडते. छताचा पंखा फार आवाज धरतो, फोन पंख्याखाली ठेवू नका, आणि टेबलावर थेट न ठेवता रुमालावर ठेवा म्हणजे टेबलाची धडधड येत नाही. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर कॉल आला की काही फोनमध्ये रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. दुसरं कुठलंही डिव्हाइस जोडीला चालू ठेवा. एक मिनिट टेस्ट करून हेडफोन लावून ऐका, मगच सुरू करा. फोनचं ऑटो-बॅकअप कुठल्या अकाउंटवर जातं तेही बघून घ्या, घरच्या सगळ्यांचं मिळून एक अकाउंट असेल तर कुणाची तरी खासगी गोष्ट घरच्या टॅबवर वाजेल.

रेकॉर्डर बंद केला की माणूस सैल होतो आणि उठता उठता काहीतरी बोलून जातो, बऱ्याचदा तेच सगळ्यात मोलाचं असतं. ते गुपचूप टिपू नका. "हे आत्ता बोललास ते मी लिहिलं तर चालेल का?" असं विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, कुणी नाही म्हटलं तर ते तिथेच सोडायचं.

त्याच रात्री

हे टाळू नका. दमलेलं असलं तरी झोपायच्या आधी दोन-तीन पानं लिहा. मी तीन भाग करायचे. पहिल्यात फक्त जे दिसलं ते: भिंतीवर टाइमटेबल चिकटवलेलं, त्यातला दुपारचा कॉलम कोरा, बॅगला घरून आलेल्या चटणीच्या डब्याचा वास, बोलताना सारखा फोन उलटा ठेवत होता. दुसऱ्यात मला काय वाटलं, कुठे अवघड झालं. तिसऱ्यात पुढच्या वेळी काय विचारायचं. पहिला आणि दुसरा भाग एकमेकांत मिसळू देऊ नका, "तो निराश दिसत होता" हे दुसऱ्या भागात जातं, "प्रश्न संपायच्या आत नाही म्हणाला" हे पहिल्या. सकाळपर्यंत यातलं निम्मं जातं, म्हणून रात्रीच.

आणि बॅकअप. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात फील्डवर्क केलं होतं, त्यावर पुढं कित्येक वर्षं मेहनत करून तयार केलेल्या नोंदींच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डला त्यांच्या अभ्यासाच्या खोलीला लावलेल्या आगीत सापडल्या, आणि गावावरचं पुस्तक त्यांना मोठ्या प्रमाणात आठवणीवर लिहावं लागलं. तीन प्रती होत्या पण तिन्ही एकाच खोलीत. तुमची एक प्रत लॅपटॉपवर, एक पासवर्ड लावलेल्या पेनड्राइव्हवर घरी, आणि हाताने लिहिलेल्या वहीच्या पानांचे फोटो वेगळे.

ट्रान्स्क्रिप्शन

एक तासाच्या ऑडिओला सहज पाच-सहा तास लागतात, दोघं एकमेकांत बोलत असतील तर जास्तच. तरी स्वतः करा, निदान निम्मे तरी. ऐकताना, मागे नेताना, परत ऐकताना लक्षात येतं की इथे आवाज खाली गेला, इथे त्याने विषय बदलला, इथे मी त्याला मध्येच तोडलं. व्हॉइस टायपिंगचा कच्चा मसुदा घेता येतो, पण नांदेड-लातूरकडचं बोलणं त्यात प्रमाण मराठी होऊन येतं किंवा भलतंच येतं, आणि कुणाचीही रेकॉर्डिंग अनोळखी वेबसाइटवर चढवायची म्हणजे संमतीपत्रात ते लिहिलेलं असायला हवं.

बोललं तसं लिहा. "व्हतं" चं "होतं" करू नका, "करायलाव" ला हात लावू नका. थांबला तर कंसात तसं लिहा, हसला तर तसं, सुस्कारा टाकला तर तसं. तुमचे स्वतःचे प्रश्नही पूर्ण लिहा, कारण उत्तर कशाला मिळालं हे नंतर त्यातूनच कळतं.

कोडिंग, एक तुकडा घेऊन

खऱ्या सहभागींचं बोलणं मी इथे टाकू शकत नाही म्हणून नमुन्यासाठी एक तुकडा स्वतः रचलाय:

"घरी सांगितलंय डिसेंबरची प्रिलिम झाली की बघू. मागच्या टायमाला बी असंच सांगितलं व्हतं. वडील काय म्हणत नाहीत. आई फोनवर इचारती जेवला का, आन् मग गप बसती. (थांबतो) त्या गप बसण्याचं लई टेन्शन येतं. मग मीच म्हणतो, आता पॅटर्न बदलायलाय ना, म्हणून येळ लागायलाय."

बहुतेक जण याला तीन कोड लावतील: मानसिक ताण, कुटुंबाचा दबाव, परीक्षेतले बदल. हे कोड इंटरव्ह्यू न घेताही लिहिता आले असते. आणि दुसरा तर चुकीचाच आहे. परत वाचा, वडील काही म्हणत नाहीत, आई जेवणाचं विचारते. कुणीच दबाव टाकत नाहीये. ओळीओळीने जायचं आणि तो इथे काय करतोय हे क्रियापद वापरून लिहायचं:

- परीक्षेच्या तारखेपर्यंत विषय पुढं ढकलणं
- तेच उत्तर दुसऱ्यांदा देणं, आणि ते स्वतःला माहीत असणं
- आईच्या गप्प बसण्याचा अर्थ लावणं
- कुणी न विचारता आपणच कारण देणं

आता हे कोड घेऊन दुसऱ्या ट्रान्स्क्रिप्टकडे गेलात तर तिथे काय शोधायचं ते कळतं. "मानसिक ताण" घेऊन गेलात तर प्रत्येक पानावर ताणच सापडेल आणि शेवटी ताण असतो एवढंच सिद्ध होईल.

कोडला जोडून छोट्या मेमो लिहीत जा, दोन-चार वाक्यं, तारीख टाकून. वरच्या तुकड्यावर मेमो असा होईल: इथे घरच्यांपेक्षा त्यांच्या न बोलण्याला उत्तर दिलं जातंय, हे मुलींच्या इंटरव्ह्यूत दिसतं का ते बघायचं. थिसिसचं अॅनालिसिसचं चॅप्टर याच मेमोंतून उभं राहतं.

सॉफ्टवेअर म्हणाल तर एनव्हिवो, अॅटलस टीआय, मॅक्सक्यूडीए हे विकतचे, युनिव्हर्सिटीकडे लायसन्स असेल तर वापरा. टॅगेट आणि क्वालकोडर फुकट आहेत. दहा-पंधरा इंटरव्ह्यूंना एक्सेल शीटही पुरते: एका कॉलममध्ये टोपणनाव, मग ओळ क्रमांक, मग बोलणं, कोड, मेमो. पहिले दोन ट्रान्स्क्रिप्ट मात्र प्रिंट काढून पेनाने करा, स्क्रीनवर आपण भराभर खाली सरकतो. सॉफ्टवेअरचं काम लावलेले कोड सांभाळून ठेवणं, कोड शोधायचे आपणच.

कोडपासून थीमपर्यंत

सगळे कोड चिठ्ठ्यांवर लिहून जमिनीवर पसरा आणि कुठले एकत्र जातात ते बघा. इथे एक चाळणी लावा: थीम हे पूर्ण वाक्य असलं पाहिजे. "कुटुंब" हा नुसता विषय. "पुढच्या परीक्षेची तारीख ही मुलं घरच्यांना मुदत म्हणून देतात" ही थीम, कारण तिच्याशी कुणी असहमत होऊ शकतं आणि ती डेटात तपासता येते.

तपासताना बाहेरच्या घडामोडी जोडून बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवेची पूर्व परीक्षा आणि आयबीपीएसची (बँक भरतीची) परीक्षा एकाच दिवशी, २५ तारखेला आली, पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, आयोगाने परीक्षा पुढे ढकलली आणि ती १ डिसेंबरला झाली. बातमीत हा वेळापत्रकाचा प्रश्न होता. पण वरची थीम खरी असेल तर तारीख हलली की घरी दिलेली मुदतही हलली, मग ती घरी नव्याने कशी सांगितली हे विचारण्यासारखं आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली त्याचंही तसंच, एकाच बदलाला कुणी अडचण म्हणतं आणि कुणासाठी ते अजून एक वर्ष मागायचं मान्य होणारं कारण असतं. अशा जागी तुमचं काम बातमीच्या पुढं जातं.

मग मुद्दाम उलटं उदाहरण शोधा. असा कुणी आहे का ज्याला थांबायचंय पण घरचेच म्हणतात एक शेवटचा दे? सापडला तर तो लपवू नका, थीमच बदला: मुदत कधी मुलगा मागतो, कधी घरच मुलाला देतं. एक्स्टर्नलला पटतं ते अशा जागी.

भाषा आणि लिखाण

थिसिस इंग्रजीत द्यायचा असला तरी कोडिंग मराठीतच करा. भाषांतर फक्त ज्या कोट वापरणार त्यांचंच, अगदी शेवटी, आणि मूळ मराठी अपेंडिक्समध्ये लावा. आधी सगळं इंग्रजीत करून मग कोडिंग केलं तर सगळी मुलं एकाच सुरात बोलल्यासारखी होतात.

लिहिताना कोट टाकून पुढच्या मुद्द्यावर उडी मारू नका. प्रत्येक कोटच्या आधी कोण, कुठल्या प्रश्नाला बोलला ते, आणि नंतर त्यात तुम्हाला काय दिसतं ते, कोटपेक्षा लांब. एकाच बोलक्या मुलाच्या कोट सगळीकडे येत नाहीत ना हे मोजून बघा.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, दोन प्रश्न हमखास येतात. "एवढ्याशा सॅम्पलवरून जनरलाइज कसं करणार?" याला उत्तर की करत नाहीये, ही प्रक्रिया कशी चालते ते दाखवतेय आणि परिस्थितीचं वर्णन इतकं दिलंय की दुसऱ्या ठिकाणी ती कितपत लागू होते हे वाचणाऱ्याला ठरवता येईल, लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये याच अर्थाने ट्रान्सफरेबिलिटी मांडली. दुसरा, "तुमचं मत कशावरून मध्ये आलं नाही?" याला पहिल्या दिवशी लिहिलेलं ते पान, तारखा टाकलेल्या मेमो, आणि कोड कधी कसे बदलले त्याची यादी समोर ठेवायची. ही यादी नंतर बनवता येत नाही, म्हणून कोड बदलला की एक ओळ लगेच लिहायची.

वेळेचं गणित: सहा महिने असतील तर एक महिना प्रश्न, परवानगी, ओळखी. दोन महिने इंटरव्ह्यू आणि सोबतच ट्रान्स्क्रिप्शन, म्हणजे आठवड्याला दोनच्या वर इंटरव्ह्यू घ्यायचे नाहीत, नाहीतर ऑडिओ साचतं. दीड महिना कोडिंग आणि थीम. उरलेला दीड लिखाण, गाइडच्या दुरुस्त्या धरून. कोडिंगचा वेळ कापून इंटरव्ह्यू वाढवायचा मोह होतो, तिथे थांबा.

जमा केल्यानंतर दोन कामं राहतात. ज्यांनी वेळ दिला त्यांना दोन पानी मराठी सारांश व्हॉट्सअॅपवर एकेकट्याला पाठवा, ग्रुप करू नका, ग्रुपवर सगळ्यांचे नंबर एकमेकांना दिसतात. आणि संमतीपत्रात लिहिलेली तारीख आली की ऑडिओ फोन, लॅपटॉप, पेनड्राइव्ह, क्लाउड आणि रिसायकल बिन, पाचही ठिकाणांहून पुसा, टोपणनावांची यादीही त्यासोबतच.